हात पुढे, नेम मागे: गेमिंग पीसीवरचा हट्टी इनपुट लॅग कसा शोधायचा

माऊस हलवला की स्क्रीनवरचा नेम लगेच हलायला हवा. तो हलतो, पण जरा मागून, चिखलातून पाय ओढत आल्यासारखा. एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम, म्हणजे चित्रं, तयार होतात तो आकडा) बरा दिसतो, पिंगही (सर्व्हरपर्यंत जाऊन यायचा वेळ) बरा असतो, तरी समोरचा खेळाडू नेहमी आधी मारून जातो. याला इनपुट लॅग म्हणतात. नव्यानं पीसी घेतलेल्यांपैकी बरेच जण यूट्यूबवरचे वीस उपाय एका दमात करतात आणि मग नक्की काय बिघडलं होतं आणि आपण काय बिघडवलं, हेच कळेनासं होतं.

मीही तेच केलं होतं. दिवाळीच्या साफसफाईत टेबलाखालच्या सगळ्या वायरी काढल्या, धूळ पुसली, परत लावल्या. त्यानंतर सहा आठवडे माऊस जड वाटत होता. माऊस बदलला, पॅड बदललं, रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या नोंदवहीत) खाडाखोड केली, विंडोज नव्यानं टाकलं. प्रत्येक उपायानंतर दोन दिवस वाटायचं, जमलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी सापडलं तेव्हा चोर एक नव्हता, दोन होते. त्यामुळे एकाला पकडून भागत नव्हतं. लॅग हट्टी असतो तेव्हा बहुतेकदा असंच असतं. दोन-तीन छोट्या गोष्टी एकमेकींच्या आड लपलेल्या असतात आणि एक दुरुस्त केली तरी हाताला फरक कळत नाही. म्हणून खालच्या पायऱ्यांत हाताच्या अंदाजापेक्षा मोजणीवर भर दिला आहे.

पायरी १: हा इनपुट लॅगच आहे ना?

‘लॅग’ या एका शब्दात आपण तीन वेगळे आजार कोंबतो. पहिला इंटरनेटचा: गोळी लागली पण शत्रू मेला नाही, किंवा भिंतीआड गेल्यावर आपण मेलो. दुसरा झटक्यांचा: खेळ छान चालतो आणि मध्येच क्षणभर अडकतो. तिसरा खरा इनपुट लॅग: सगळं गुळगुळीत दिसतं, पण सतत सारख्याच उशिरानं.

ओळखायला सोपी खूण आहे. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ मध्ये एका जागी उभे राहा आणि माऊसनं फक्त नजर डावी-उजवी फिरवा. नजर फिरवण्यासाठी सर्व्हरची परवानगी लागत नाही, ते काम तुमच्याच मशीनवर होतं. तेव्हा फिरवतानाच जडपणा जाणवत असेल, तर मुंबईचा सर्व्हर आणि ब्रॉडबँडवाला दोघंही निर्दोष आहेत. उगाच राउटर बदलू नका. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असं होईल.

मग खेळातून बाहेर या आणि डेस्कटॉपवर माऊस फिरवून बघा. तिथंही जड वाटला तर दोष माऊस, वायर, मॉनिटर यांच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. डेस्कटॉपवर ठीक आणि फक्त खेळात जड असेल, तर खेळाच्या आणि ग्राफिक्स ड्रायव्हरच्या सेटिंगांकडे बोट जातं. ही दोन मिनिटांची चाचणी पुढचं अर्धं काम वाचवते.

पायरी २: मोबाइलनं मोजा

यासाठी महागडं यंत्र लागत नाही. सेकंदाला २४० फ्रेम घेणारा स्लो-मोशन कॅमेरा आज बऱ्याच फोनांत असतो. २४० च्या चित्रणात प्रत्येक फ्रेम सुमारे ४.२ मिलीसेकंदांची. फोन असा टेकवून ठेवा की माऊसवरचं बोट आणि स्क्रीन दोन्ही एकाच चित्रात येतील. खेळाच्या सराव मैदानात जा, बंदूक हातात घ्या आणि दहा वेळा क्लिक करा, प्रत्येक क्लिकमध्ये थोडा वेळ सोडून.

चित्रण कॉम्प्युटरवर केबलनं घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलं तर ते दाबलं जातं आणि फ्रेम गळतात. व्हीएलसीमध्ये उघडून इंग्रजी ‘ई’ची कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. बोट खाली टेकलं ती फ्रेम शून्य, बंदुकीच्या तोंडाशी ठिणगी दिसली ती शेवटची. मधल्या फ्रेम मोजा, दहा क्लिकांची सरासरी काढा आणि वहीत लिहा. खरंच वहीत, डोक्यात नाही.

काही स्वस्त फोनांतलं ९६० फ्रेमचं चित्रण खोटं असतं. मधल्या फ्रेम फोन स्वतःच कल्पनेनं भरतो. २४० वरच थांबा. १२० असलं तरी चालेल, फक्त मग एक फ्रेम ८.३ मिलीसेकंदांची धरा.

आकडा कसा वाचायचा? १४४ हर्ट्झचा (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा) मॉनिटर आणि हलका शूटर खेळ असेल, तर सहा ते दहा फ्रेम म्हणजे तब्येत ठणठणीत. वीसच्या पुढे गेलात तर नक्की काहीतरी आहे. माझ्या वहीतला पहिला आकडा २४ होता, म्हणजे तब्बल १०० मिलीसेकंद. इतका उशीर कोणाच्याही हाताला जाणवेल.

एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ‘ऑल्ट’ आणि ‘आर’ एकत्र दाबल्यावर येणाऱ्या पट्टीत विलंबाचा आकडाही दिसतो. तो उपयोगी आहे, पण त्यात मॉनिटरचा उशीर धरलेला नसतो. मोबाइल सगळं एकत्र मोजतो, म्हणून मी त्याच्यावर जास्त विसंबतो.

पायरी ३: आधी केलेले उपाय उलटे फिरवा

नवीन काही करण्याआधी जुनं पुसून टाका. रजिस्ट्रीतले ‘ट्वीक’, टायमर बदलणारी छोटी सॉफ्टवेअरं, एचपीईटी (मशीनमधला एक टायमर) बंद करण्याचे आदेश, ‘एका क्लिकमध्ये एफपीएस दुप्पट’ वाली बॅच फाइल, सगळं काढा. काय काय केलं होतं ते आठवत नसेल तर सिस्टिम रिस्टोअरनं मागे जा. ओव्हरक्लॉक केलं असेल (प्रोसेसर किंवा कार्ड ठरलेल्यापेक्षा जास्त वेगानं पळवलं असेल) तर तेही मूळ जागी आणा. ग्राफिक्स ड्रायव्हरचं पॅनेल उघडून ‘रिस्टोअर डिफॉल्ट्स’ करा. हा शेवटचा उपाय मी सहा आठवड्यांत एकदाही केला नव्हता. विंडोज नव्यानं टाकल्यावर मात्र पहिल्याच दिवशी पॅनेल उघडून जुन्या सवयीची तीच सेटिंगं हातानं परत घातली होती. काय म्हणावं!

एक सावधगिरी. या भरात सिक्युअर बूट किंवा टीपीएम या सुरक्षेच्या सोयी बंद करू नका. विंडोज ११ वर व्हॅलोरंटचं व्हॅनगार्ड हे फसवणूक रोखणारं सॉफ्टवेअर त्यांच्याशिवाय खेळ उघडूच देत नाही आणि लॅगशी त्यांचा संबंध नाही.

पायरी ४: मॉनिटर, वायर आणि हर्ट्झ

कॅबिनेटच्या मागे वाकून बघा. मॉनिटरची वायर ग्राफिक्स कार्डाच्या आडव्या पट्टीत लागली आहे की वर मदरबोर्डाच्या पोर्टात? मदरबोर्डात असेल तर महागडं कार्ड बाजूला पडतं किंवा त्याचं चित्र वळसा घालून येतं. हसू नका. असेंबल करून आणलेल्या मशीनवर हे मी तीनदा पाहिलंय.

आता विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले, अ‍ॅडव्हान्स्ड डिस्प्ले असं जा आणि रिफ्रेश रेट बघा. मॉनिटर १४४ किंवा १६५ हर्ट्झचा असला तरी विंडोज त्याला कित्येकदा ६० वरच चालवतं, विशेषतः वायर काढून लावल्यावर किंवा ड्रायव्हर बदलल्यावर. ६० हर्ट्झवर नवं चित्र दर १६.७ मिलीसेकंदांनी येतं, १४४ वर दर ६.९ नी, २४० वर दर ४.२ नी. म्हणजे चुकीच्या हर्ट्झवर प्रत्येक रांगेत अडीचपट वेळ उभं राहायचं. माझा पहिला चोर हाच. साफसफाईनंतर मी वायर मॉनिटरच्या दुसऱ्या एचडीएमआय पोर्टात खुपसली होती आणि मॉनिटर गुपचूप ६० वर उतरला होता. काही मॉनिटरांचे एचडीएमआय पोर्ट पूर्ण वेग पेलतच नाहीत. डिस्प्लेपोर्ट असेल तर तोच वापरा. खेळाच्या आतल्या व्हिडिओ सेटिंगांतही हर्ट्झ वेगळा निवडलेला असू शकतो, तोही पाहून घ्या.

खोक्यावरच्या ‘१ एमएस’ला भुलू नका. तो आकडा पिक्सेल एका राखाडी छटेतून दुसरीत जायला किती वेळ घेतो याचा असतो, तोही बहुधा सर्वांत अनुकूल सेटिंगवरचा. सिग्नल आत आल्यापासून चित्र दिसेपर्यंतचा उशीर ही निराळी गोष्ट आहे आणि ती खोक्यावर छापलेली नसते.

मॉनिटरऐवजी टीव्ही वापरत असाल तर तिथंच घोडं पेंड खात असण्याची दाट शक्यता. टीव्ही चित्र सुंदर करायला ते अडवून ठेवतो. गेम मोड लावा, हालचाल गुळगुळीत करणारे सगळे पर्याय बंद करा आणि पुन्हा मोजा. वहीतला आकडा इतका पडेल की तुम्हीच चकित व्हाल.

पायरी ५: माऊस

शेजाऱ्याकडून, ऑफिसातून, कुठूनही एक साधा वायरवाला माऊस मागून आणा आणि पुन्हा दहा क्लिक मोजा. आकडा तसाच राहिला तर तुमचा माऊस सुटला. ही परीक्षा नवा माऊस विकत घेण्याच्या आधी करायची असते, नंतर नाही. (मी नंतर केली.)

वायरलेस माऊस असेल तर त्याचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) कुठं आहे ते बघा. कॅबिनेटच्या मागे, निळ्या यूएसबी ३ पोर्टांच्या गर्दीत, पत्र्याच्या आड? यूएसबी ३ ची उपकरणं आणि वायरी २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात. इंटेलनं २०१२ मध्येच त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. माऊसचा डोंगल नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. एक्स्टेन्शन वायरनं डोंगल टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणा. ब्लूटूथवर मात्र स्पर्धात्मक खेळ खेळूच नका. माऊसमध्ये दोन्ही सोयी असतील तर डोंगलवाली निवडा.

पोलिंग रेट म्हणजे माऊस सेकंदाला किती वेळा कॉम्प्युटरला आपली जागा कळवतो तो आकडा. साध्या ऑफिसच्या माऊसचा १२५, म्हणजे दर ८ मिलीसेकंदांनी एकदा. गेमिंग माऊसचा १०००, म्हणजे दर १ मिलीसेकंदानी. १००० पुरेसा आहे. ८००० वाले माऊस आले आहेत, पण मध्यम प्रोसेसरवर ते उलट झटके देऊ शकतात. विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करा. त्यानं उशीर होत नाही, पण नेमाचं अंतर हाताच्या वेगाप्रमाणे बदलतं आणि माऊस ‘ऐकत नाही’ असं वाटतं.

पायरी ६: व्ही-सिंक आणि फ्रेमची रांग

खरा खजिना इथं आहे, म्हणून जरा थांबून वाचा.

खेळ चालतो तेव्हा प्रोसेसर पुढच्या फ्रेमची तयारी करतो आणि ग्राफिक्स कार्ड ती रंगवतं. कार्ड मागे पडलं की तयार झालेल्या फ्रेम रांगेत उभ्या राहतात. तुम्ही आत्ता क्लिक केलं, पण त्या क्लिकची फ्रेम रांगेच्या शेपटाला असते. डायरेक्टएक्सच्या मूळ नियमाप्रमाणे ही रांग तीन फ्रेमपर्यंत वाढू शकते. ६० हर्ट्झवर तीन फ्रेम म्हणजे ५० मिलीसेकंद, नुसतं ताटकळण्यात.

व्ही-सिंक ही रांग आणखी घट्ट करतं. चित्र मधून फाटलेलं दिसू नये म्हणून ते प्रत्येक फ्रेमला मॉनिटरच्या ठोक्यापर्यंत थांबवतं. मॉनिटर ६० वर उतरल्यावर मला चित्र जास्त फाटताना दिसायला लागलं होतं. मी शहाणपणा करून ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये सगळ्या खेळांसाठी व्ही-सिंक सक्तीनं चालू केलं आणि विसरून गेलो. खेळाच्या आत ते ‘बंद’ दिसायचं, म्हणून तिकडे संशयच गेला नाही. हा माझा दुसरा चोर, आणि त्याला घरात मीच घेतलं होतं.

ओळखायची खूण समोरच होती. एफपीएस नेमका ६० वर खिळलेला असायचा आणि मी त्यालाच ‘स्थिर आहे’ म्हणून कौतुकानं बघायचो. तुमचा एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झइतकाच येऊन चिकटत असेल, तर कुठंतरी व्ही-सिंक चालू आहे असं समजा. खेळात, ड्रायव्हरच्या पॅनेलमध्ये आणि त्या खेळापुरत्या वेगळ्या प्रोफाइलमध्ये, तिन्ही ठिकाणी बघा. हर्ट्झ १४४ केल्यावर माझा आकडा २४ वरून १५ झाला. हाताला अजून जडच वाटत होतं. व्ही-सिंक काढल्यावर १५ चा ८ झाला, आणि पहिल्याच फेरीत नेम लक्ष्याच्या पलीकडे जायला लागला, कारण हाताला उशिराची सवय झाली होती.

व्ही-सिंक बंद असूनही रांग होऊ शकते. कार्डाचा वापर सतत ९९ टक्के दिसत असेल तर रांग आहेच. त्यावर उपाय उलटा वाटेल: एफपीएसला लगाम घाला. मोकळं सोडल्यावर १३० मिळत असतील तर खेळाच्या आतल्या मर्यादेत ११५-१२० लिहा, म्हणजे कार्डाला श्वास मिळतो आणि रांग मोडते. एफपीएस कमी, पण हात हलका. मर्यादा शक्यतो खेळाच्या आतलीच वापरा. बाहेरून घातलेल्या मर्यादेनं उशीर थोडा वाढू शकतो.

एनव्हिडियाचं रिफ्लेक्स नेमकं हेच काम आपोआप करतं. ते २०२० मध्ये आलं आणि व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २, फोर्टनाइट, एपेक्स अशा खेळांत आहे. दिसलं की चालू करा, त्यात विचार करण्यासारखं काही नाही. एएमडीकडे अँटी-लॅग आहे. त्याचा थोडा इतिहास माहीत असलेला बरा. २०२३ मध्ये आलेलं अँटी-लॅग प्लस ड्रायव्हरमधून थेट खेळाच्या कोडमध्ये हात घालत होतं, काउंटर-स्ट्राइक २ नं ते फसवणूक समजून खेळाडूंवर बंदी घातली आणि एएमडीला ते मागे घ्यावं लागलं. २०२४ मधलं अँटी-लॅग २ खेळ बनवणाऱ्यांनी स्वतः आत बसवायचं असतं, त्यामुळे ती भानगड उरली नाही. खेळाच्या आत घुसणारं कुठलंही अनोळखी ‘लॅग रिड्यूसर’ वापरण्याआधी हा किस्सा आठवा.

मॉनिटरला जी-सिंक किंवा फ्रीसिंक (मॉनिटरचा ठोका एफपीएसशी जुळवणारी सोय) असेल तर गणित थोडं वेगळं. ते चालू ठेवा आणि एफपीएसची मर्यादा हर्ट्झच्या जरा खाली घाला, १४४ साठी १३८ ते १४१. मर्यादा खाली राहिली तर ड्रायव्हरमधलं व्ही-सिंक चालू असलं तरी ते फ्रेम अडवत बसत नाही, म्हणून या एका जोडणीत ते चालतं. फ्रेम जनरेशन मात्र नेमबाजीच्या खेळात बंदच ठेवा. ते दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली घालतं आणि त्यासाठी खऱ्या फ्रेमला थांबवून धरतं. एफपीएसचा आकडा फुगतो, हात जड होतो.

पायरी ७: विंडोज आणि बाकीची किरकोळ मंडळी

खेळ पूर्ण स्क्रीनवर चालवा. खिडकीत चालवलं तर चित्र विंडोजच्या हातातून जाऊन एखादी फ्रेम जास्त लागू शकते. डिस्कॉर्डचा ओव्हरले, गेम बारचं पार्श्वभूमीत चाललेलं रेकॉर्डिंग, कार्डाच्या अ‍ॅपचं ‘शेवटची पाच मिनिटं साठवून ठेव’, सगळं एकदा बंद करून मोजा. दुसरा मॉनिटर असेल तर त्याची वायर काढून मोजा.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावलाय ना हे आधी बघावं. बॅटरीवर कार्डाचा वेग मुद्दाम दाबलेला असतो. बऱ्याच लॅपटॉपांत मोठ्या कार्डाचं चित्र छोट्या कार्डातून फिरून स्क्रीनवर जातं. मक्स स्विच (हा वळसा टाळायची सोय) असेल तर लॅपटॉपसोबत आलेल्या सॉफ्टवेअरमधून थेट मोठ्या कार्डावर टाका आणि रीस्टार्ट करा.

मध्येच अडकणं आणि आवाजात कडकड होणं हा त्रास असेल तर लेटन्सीमॉन हे फुकट सॉफ्टवेअर दहा मिनिटं चालवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते ते नावानिशी सांगतं. वाय-फायचा ड्रायव्हर त्यात वरचेवर सापडतो. तसं झालं तर तो अद्ययावत करा किंवा वाय-फाय बंद करून लॅनची वायर लावा. सतत सारखा जडपणा असेल तर मात्र इथं काही सापडेल अशी फार आशा नको.

नागपूर-चंद्रपूरच्या एप्रिल-मे मध्ये आणखी एक तपासणी हवी. खेळताना तापमान चढतं तसा प्रोसेसरचा आणि कार्डाचा क्लॉक, म्हणजे वेग, घसरतोय का? घसरत असेल तर पंख्यावरची धूळ काढा आणि कॅबिनेट भिंतीपासून पुढे ओढा.

वीज आणि अर्थिंगचं काय?

लॅगला कंटाळलेले लोक शेवटी विजेवर येतात. महागडे फिल्टर, वेगळं मीटर, अगदी घर बदलण्यापर्यंत गोष्ट जाते. माझं मत सांगतो. अर्थिंग तपासून घ्याच, कारण कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर तो जिवाचा प्रश्न आहे. इलेक्ट्रिशियनला बोलवा. पण वीज खराब असली तर मशीन अडकतं, बंद पडतं, रीस्टार्ट होतं. ते रोज नेमानं ४० मिलीसेकंद उशिरा चालत नाही. फिल्टर घ्यायच्या आधी तुमचा मॉनिटर, माऊस आणि कॅबिनेट उचलून मित्राच्या घरी न्या आणि तिथं दहा क्लिक मोजा. आकडा तोच आला तर विजेची गोष्ट संपली.

आणि कुठलाही उपाय खरा की मनाचा खेळ याची शंका आली, तर धाकट्या भावाला किंवा बहिणीला बसवा. तुम्ही पाठ फिरवायची, त्यांनी सेटिंग चालू किंवा बंद करायचं, तुम्ही खेळून ओळखायचं. असं दहा वेळा. नुसत्या अंदाजानंही साधारण पाच बरोबर येतात. आठ किंवा जास्त आले तरच त्या सेटिंगला वहीत जागा द्या. आमच्या घरी टायमरवाल्या सॉफ्टवेअरला माझे चार बरोबर आले. भाऊ अजून हसतो.

सगळं करून आकडा दहाच्या आत आला आणि तरी नेम मागे वाटत असेल, तर सेन्सिटिव्हिटी थोडी वाढवून आठवडाभर तीच ठेवा. रोज बदलू नका.